पावणेदोन तासांची पाटी

फिलू मावशी,

तू खोटारडी निघालीस. उभा जन्म दुसरीच्या पोरांना खरं बोलायला शिकवलंस, आणि मला मात्र पाच महिने, आठवड्यातून तीनदा, तोंडावर खोटं सांगत राहिलीस. "पुरली का गं बॅटरी?" "पुरली रे बाबा, वर उरली." हे आपलं ठरलेलं बोलणं. तुला जाऊन आज अठरा दिवस झाले आणि मी तुझ्यावर चिडलोय. आई म्हणते, रडून झालं की माणसं चिडतात. माझं उलटं झालं. सातव्या दिवसाच्या चर्चमधल्या मिस्सेनंतर पुंडलिककाकांनी मला सगळं सांगितलं आणि माझं रडायचंच राहून गेलं.

म्हणजे आता मला माहीत आहे. डायलिसिसच्या चार तासांत वेळ जावा म्हणून मी तुला जे गेमचं मशीन दिलं होतं, ते पावणेदोन तासांत बंद पडायचं. पुढचे सव्वादोन तास तू काळा पडदा हातात धरून बसायचीस. सोमवार, बुधवार, शुक्रवार. आणि तीन वाजता मला फोन करून सांगायचीस की आज तिसरा नंबर आला.

ते मशीन माझंच जुनं होतं. तळहाताएवढं, जुने व्हिडिओ गेम चालवणारं. तुझ्या डाव्या हाताला फिस्टुला केलेला, तिथे दोन सुया टोचून रक्त मशीनकडे जायचं आणि साफ होऊन परत यायचं, त्यामुळे तो हात चार तास उशीवर ठेवायचा, हलवायचा नाही. एका हाताने पुस्तकाचं पान उलटत नाही म्हणून तू वैतागली होतीस. मोबाइलवर लोकांचे फुलाफुलांचे सुप्रभात बघून त्याहून जास्त वैतागलीस. रोजरी म्हण, असं आईने सुचवलं तर म्हणालीस, "एका रोजरीला वीस मिनिटं. चार तासांत बारा होतील. देवमातासुद्धा म्हणेल, फिलोमिना, आता पुरे."

मग मी या मशीनची बटणं बदलून दिली. सगळा खेळ उजव्या अंगठ्यावर आणला. घाटातल्या मोटारींची शर्यत, तुझी गाडी लाल. डावीकडचं बटण डावीकडे, उजवीकडचं उजवीकडे, खालचं ब्रेक, आणि ॲक्सिलरेटर कायम दाबलेला. तू चष्मा वर करून म्हणालीस, "म्हणजे गाडी आपली आपण पळणार, आणि मी फक्त ती भिंतीवर आदळू द्यायची नाही. हे तर मी शाळेत तीस वर्षं केलंय." त्याला तू पाटी म्हणायला लागलीस. माणिकपूरच्या त्या डायलिसिस सेंटरमध्ये सगळ्या सिस्टरना माहीत झालं की टीचरना पाटी लागते.

तेव्हा ते मशीन कंपनीने ठरवलेल्या वेगाने चालायचं. हा गेम त्याला जरा जड होता. वळण आलं, झाडं आणि डोंगर एकदम समोर आले, की चित्र अडखळायचं, आवाज फाटायचा. माझ्यासारख्या माणसाला ते बघवत नाही. तुला मात्र त्याच्याशी काही भांडण नव्हतं. उलट त्या अडखळण्यातच तू वळण घ्यायला शिकलीस. "गाडी अडखळली की दाबायचं, सुटली की सोडायचं," असं तू मला समजावून सांगितलंस आणि मी हसलो. बॅटरी चार तासांच्या वर चालायची. अकराला सुया लागायच्या, तीनला निघायच्या, आणि पाटी त्यानंतरही थोडी जिवंत असायची.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण त्याच सुमाराला डॉक्टरांनी आपल्याला बोलावून विचारलं, घरात कोणी किडनी देणारं आहे का. आईला साखर. मग उरलो मी, एकतीस वर्षांचा, दांडगा, रक्तगटही तुझाच. मी भिंतीवरच्या त्या किडनीच्या चित्राकडे बघत बसलो. लाल आणि निळ्या नळ्या मोजल्या असतील. तूच म्हणालीस, "याच्याकडे बघू नका डॉक्टर, याचं लग्न व्हायचंय." आणि तू एवढ्या सहज म्हणालीस की डॉक्टरही हसले. मी "तसं काही नाही मावशी" एवढंसुद्धा म्हटलं नाही. जिना उतरताना नाही, रिक्षात नाही, नंतर कधीच नाही.

त्याच आठवड्यात मी पाटीचा वेग वाढवायला घेतला. तेव्हा मला या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध दिसला नव्हता. आता तो दिसायचा थांबत नाही.

त्या दिवसाचं आपलं भांडण तुला आठवत असेल. मी सांगत होतो, प्रोसेसरला कंपनीने एक वेग नेमून दिलेला असतो, फाइलमधला आकडा बदलून तो वाढवता येतो, याला ओव्हरक्लॉक म्हणतात. तू तांदूळ निवडता निवडता ऐकत होतीस.

"किती वाढवलास?"

"दीडपट."

"मग बॅटरी दोन तृतीयांश पुरणार. व्यस्त प्रमाण."

"नाही गं मावशी, इथे त्रैराशिक चालत नाही. वेग वाढवला की व्होल्टेज पण वाढवायला लागतं. आणि खर्च व्होल्टेजच्या वर्गाने वाढतो."

"व्होल्टेज किती वाढवलंस?"

"वीस टक्के."

तुझा हात ताटलीत तसाच राहिला. तीन सेकंद. "म्हणजे दोन तास," तू म्हणालीस. "चार तासांच्या पाटीची तू दोन तासांची पाटी केलीस."

"ते कागदावर. मी टेस्ट केलीये. चार तास चालली."

तू माझ्याकडे चष्म्यावरून बघितलंस. फळ्यावर चुकीचं उत्तर लिहून खडू ठेवून जागेवर जाणाऱ्या पोराकडे तू अशीच बघत असशील. पण मी टेस्ट केली म्हटल्यावर तू पुढे बोलली नाहीस.

टेस्ट केली होती, हे खोटं नव्हतं. खोटं बोलण्यात मी तुझ्या पासंगालाही पुरणार नाही. गोखिवऱ्याच्या गाळ्यात, माझ्या वर्कबेंचवर, सकाळी नऊला पाटी चालू करून ठेवली आणि मी मोल्डिंग मशीनच्या हीटरकडे गेलो. एक वाजता जेवायला आलो तेव्हा ती चालूच होती. पण मावशी, ती गेमच्या पहिल्या पानावर होती. झेंडा फडकतोय, 'सुरू करा' हे शब्द उघडझाप करतायत, बाकी काही नाही. त्यात प्रोसेसरला काम ते काय! शर्यत सुरू झाल्यावर किती खातो ते मी बघितलंच नाही. कामावर मी साधी पंख्याची मोटरसुद्धा लोडवर चालवून बघितल्याशिवाय कुणाच्या ताब्यात देत नाही. नवीन पोरं तशीच देतात तेव्हा त्यांच्यावर ओरडतो. आणि तुझ्या हातात मात्र बिनलोडची तपासलेली पाटी दिली.

पहिल्याच दिवशी तू हरलीस. सहाच्या सहा शर्यती. चित्र लोण्यासारखं पळत होतं, आणि तुझं ते अडखळली की दाबायचं, सुटली की सोडायचं, काही उपयोगाचं राहिलं नव्हतं. "वळण कधी आलं तेच कळत नाही रे. परत पहिल्यासारखं कर ना, मेल्या." मेल्विनचा मेल्या तूच केला होतास, आणि लाडात आलीस की हमखास म्हणायचीस.

मी काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतं. "सवय होईल तुला. किती स्मूथ झालंय बघ तरी. दोन सुट्ट्या घालवल्यात मी याच्यामागे."

"बरं," तू म्हणालीस.

तुझं ते 'बरं' मला कधी कळलंच नाही. मला वाटलं, पटलं तुला. मग मी सुटलोच. दर दोन-तीन आठवड्यांनी काहीतरी वाढवायचो. मशीन तापायला लागलं म्हणून पाठीला ॲल्युमिनियमची छोटी पट्टी चिकटवली. ते तुला आवडलं, असं म्हणालीस. रक्त बाहेर फिरून येतं तेव्हा अंगात गारठा भरतो, बोटं बर्फ होतात, आणि ही पाटी आपली गरम. चार्जरची वायर किंवा पॉवर बँक सिस्टरने पहिल्याच दिवशी नाही म्हणून सांगितली होती, नळ्यांच्या आसपास दुसरी वायर नको. मग मी डायलिसिसच्या दिवशी संध्याकाळी तुझ्याकडून पाटी न्यायचो, चार्ज करायचो. ती पूर्ण रिकामी असायची. मला वाटायचं, बघा, बरोबर चार तास पुरते, थेंबभर उरत नाही! तू तर म्हणायचीस वर उरली. हे दोन्ही एकत्र खरं असू शकत नाही, एवढं दुसरीतल्या पोरालाही कळलं असतं.

एकदाच, एका शुक्रवारी, मी तुला वर सेंटरमध्ये सोडलं आणि निघालो तेव्हा तू म्हणालीस, "आज बस की थोडा." नेहमीसारखंच, काही खास नाही. मी म्हटलं, "गाळ्यात साहेब वाट बघतायत गं. आणि पाटी आहे ना, आज नवीन सेटिंग टाकलंय, बघ कसं उडतं." तू पिशवीतून सुकेळ्यांचं पुडकं काढून माझ्या हातात दिलंस. तुला स्वतःला केळ्याचा तुकडा चालत नव्हता, आणि तरी माझ्यासाठी सुकेळी आणायची सोडली नव्हतीस. मी ती जिन्यातच खायला सुरुवात केली. पाच महिन्यांत मी तुझ्याजवळ पूर्ण चार तास कधी बसलो? एकदाही नाही. अर्धा ताससुद्धा नाही.

पुंडलिककाका तुझ्या शेजारच्या बेडवरचे, ते तुला माहीतच आहे. मला ते नावानेसुद्धा माहीत नव्हते. मिस्सेनंतर घरी सगळे चहाला आले तेव्हा ते पायरीवरच टेकले. मिठागराकडच्या गावातून रिक्षा करून आले होते, त्यांचा डायलिसिस नसलेला दिवस होता. मी कप दिला.

"अर्धाच द्या. पानी मोजून हाय माझं," म्हणाले. मग माझ्याकडे नीट बघून, "तुमीच का ते पाटीवाले? टीचर लय सांगायची तुमचं. भाचा हुशार हाय म्हनून."

मला बरं वाटलं, मावशी. खोटं कशाला बोलू! इतक्या दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं. म्हटलं, "वेळ जायचा ना तिचा त्यात?"

"जायचा की. बंद पडंपर्यंत जायचा."

"बंद?"

"एक वाजायच्या आधीच बंद पडायची ना ती. मंग तशीच हातात धरून बसायची. मी म्हनलं, टीचर, पोराला सांगा, नवी बॅटरी घालंल. तर म्हनली, नको काका, तो एवढा झटतो माझ्यासाठी, त्याला वाटू दे पुरते म्हनून. तेवढंच त्याला जमतंय." ते थांबले. माझा चेहरा बघून थांबले असावेत, पण साधा माणूस, सुरू केलेलं पुरं करून मोकळे झाले. "सिस्टर आली की अंगठा हलवायची. सिस्टर म्हनायची, टीचर, कितवा नंबर? ती सांगायची, तिसरा."

मी विचारलं, "मग तुमच्याशी बोलत असेल ना?"

"कवाकवा. मला मशीन लागली की झोप येते."

"मग काय करायची ती?"

"काय करनार?" काकांनी कप खाली ठेवला. "समोर घड्याळ हाय ना भिंतीवर."

मी आत गेलो. आई कुणाला तरी बिस्किटं देत होती. तिला तिथेच सांगितलं तर ती म्हणाली, हे प्रेम आहे रे, तिचं तुझ्यावर प्रेम होतं. असेल. पण असलं प्रेम अंगावर येतं गं. तो आकडा परत खाली आणायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. अर्धं मिनिट! तू एकदा ओरडायचं होतंस. कान पिळायचा होतास. पावणेदोन तास लिहून कागद माझ्या तोंडावर मारायचा होतास, तुझं गणित बरोबर निघालं होतं. आयुष्यभर लोकांच्या पोरांची चुकलेली गणितं लाल शाईने खोडलीस आणि घरच्या पोराचं एवढं मोठं चुकलेलं तसंच ठेवलंस. आणि 'तेवढंच त्याला जमतंय' हे वाक्य कुणाला सांगितलंस? काकांना. मला नाही. किडनीच्या चित्राकडे बघत बसलेल्या माणसाबद्दल तू याहून वाईट काही बोलू शकली असतीस. बोलली नाहीस. पण यात सगळं आलं.

मी आठ वर्षांचा होतो तेव्हा तुझा रेडिओ खोलला होता. आई मारायला धावली आणि तू मध्ये पडून म्हणालीस, राहू दे, त्यानेच खोललाय, तोच जोडेल. मी जोडला. तीन स्क्रू उरले. ते तू एका डबीत ठेवलेस आणि दुसऱ्या दिवशी सांगितलंस की रेडिओ छान लागतो, आधीपेक्षा आवाज मोठा येतो. पुढच्या वाढदिवसाला मला स्क्रूड्रायव्हरचा संच आणलास. आज मी गाळ्यात जो काही आहे तो त्या संचामुळे आहे, हे मी तुला सांगायला हवं होतं. आता सांगतोय, त्याला काही अर्थ नाही. पण खरं सांग, लागत होता का गं तो रेडिओ? मी लावून कधी बघितलाच नाही.

तू रविवारी दुपारी गेलीस. शुक्रवार आणि सोमवारच्या डायलिसिसमधला तो मोठा खंड, जेवून आडवी झालीस आणि उठली नाहीस. लोक म्हणाले, सुटली. मीही मान हलवली. तेव्हा मला वाटत होतं की निदान शुक्रवारचे चार तास तरी तिचे बरे गेले असतील. तेवढा आधार होता मला. पुंडलिककाकांनी तोही नेला, आणि त्यांची काही चूक नाही.

काल बुधवार होता. मी रजा घेतली. पाटी परत कंपनीच्या वेगावर आणली, सगळं काढून टाकलं, पाठीची पट्टीसुद्धा. पूर्ण चार्ज केली. तुझ्या घराची किल्ली आईकडून घेतली आणि बरोबर अकराला तुझ्या खुर्चीत बसलो. डावा हात उशीवर. ठरवलं होतं, तीन वाजेपर्यंत उठायचं नाही, हात हलवायचा नाही.

पहिल्या वळणावर गाडी अडखळली. मी दाबलं. सुटली, मी सोडलं. खरंच जमतं, मावशी. तू सांगत होतीस तसंच. दोन शर्यतींनंतर मी चौथा आलो, आणि मी त्या खोलीत एकटाच हसलो. थोडा वेळ मला वाटलं की आता काहीतरी होईल, मला काहीतरी समजेल, किंवा निदान रडू तरी येईल.

चाळीस मिनिटांनी खांदा अवघडला. मी डावा हात उचलून चोळला, मग लक्षात आलं. परत ठेवला. गाळ्यातून फोन आला, तो घेतला. तहान लागली तर सरळ उठून दोन ग्लास पाणी प्यायलो. तुला अख्ख्या दुपारसाठी तेवढं मिळत नव्हतं. परत बसलो. भिंतीवरचं तुझं घड्याळ बघितलं. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. मला वाटलं होतं दोन तरी वाजले असतील. मी पाटी टेबलावर ठेवली आणि पाय मोकळे करायला म्हणून वाडीत गेलो. विहिरीपर्यंत गेलो, पंपाचा वॉल्व्ह गळत होता तो घट्ट केला, मग शेजारच्यांशी त्यांच्या इन्व्हर्टरबद्दल बोलत उभा राहिलो. तो दुरुस्तही करून दिला.

आत आलो तेव्हा पाटी चालूच होती. ॲक्सिलरेटर दाबलेला, लाल गाडी घाटाच्या भिंतीला नाक लावून जागच्या जागी घरघरत होती. मी ती उचलली नाही. तशीच ठेवून स्वयंपाकघरात गेलो, चहा टाकला. आवाज थांबला तेव्हा घड्याळ बघितलं. तीन वाजून अकरा मिनिटं. शर्यत चालू असताना, पूर्ण लोडवर, चार तास अकरा मिनिटं. कंपनीने ठेवलेल्या वेगावर.

म्हणजे पाटी तुला पुरली असती. पण ते मला माहीत होतंच, त्यासाठी रजा घ्यायची गरज नव्हती. मी बसायला आलो होतो. सुया नाहीत, नळ्या नाहीत, पाण्याची बंदी नाही, हातात चालू असलेला खेळ, आणि तुझ्यासाठी म्हणून, तुझ्या खुर्चीत, मी सव्वा ताससुद्धा बसलो नाही.

उद्या शुक्रवार आहे. पुन्हा बसून बघणार आहे. पण मी उठेन, मावशी. मला माहीत आहे, मी उठेन.